जीव मिल्खा सिंगच्या विजेतेपदांचा हिशेब जुळत नाही

गावच्या वाचनालयात प्रश्नमंजुषा आहे. गोल्फपटू जीव मिल्खा सिंग युरोपियन टूरवर, म्हणजे त्या नावाच्या व्यावसायिक गोल्फ स्पर्धांच्या मालिकेत, किती वेळा जिंकला? माझ्या बेरजेत आकडा फुगून राहिला. कुठं चुकते, राजेहो?

उत्तर १
चार वेळा. २००६ मध्ये व्होल्वो चायना ओपन अन् व्होल्वो मास्टर्स, २००८ मध्ये बँक ऑस्ट्रिया गोल्फ ओपन, २०१२ मध्ये स्कॉटिश ओपन. २००८ ची सिंगापूर ओपन तुम्ही यातच धरली असेल. ती तेव्हा फक्त एशियन टूरची होती. दुसरी गोम चायना ओपनची. ती दोन्ही टूरची सामायिक, म्हणून दोन्ही याद्यांत दिसते. एकच वावर दोन तलाठ्यांच्या दप्तरात चढल्यासारखं! एकूण बेरजेत ते एकदाच धरा.

उत्तर २
जपानचे विजय वेगळे लिहा, तो टूरच निराळा. अन् 'ऑर्डर ऑफ मेरिट' ही स्पर्धा नव्हे, हंगामभराच्या बक्षिसाच्या रकमेवरची क्रमवारी. एशियन टूरवर तो २००६ अन् २००८ ला पहिला होता.

उत्तर ३
स्कॉटिश ओपनवर प्रश्न येईलच. मैदान कॅसल स्टुअर्ट, पार ७२, म्हणजे एका दिवसाच्या फेरीला ७२ फटके अपेक्षित. चार दिवसांचे २८८ होतात, त्याचे २७१ लागले, म्हणजे १७ खाली. फ्रान्चेस्को मोलिनारीचेही तेवढेच. मग प्लेऑफ, म्हणजे बरोबरी फोडायला जादा खेळ, अन् पहिल्याच जादा होलवर जीवची बर्डी, म्हणजे पारपेक्षा एक फटका कमी. गोल्फमध्ये कमी आकडा सरस. पोरं नेमकी इथंच उलटं लिहितात.

प्रश्नकर्ता
सिंगापूरच घुसली होती. काढली.