मदत हवी आहे: लाकडी प्रोपेलर आणि उलटं इंजिन एकाच विमानाचं आहे का, हे कसं ठरवायचं?

नमस्कार मंडळी,

जुन्या विमानांतलं कळणारं कुणी इथे असेल तर थोडा सल्ला हवाय. आमच्या गावातल्या तांत्रिक शाळेच्या शेडमध्ये विमानाचं एक चार सिलिंडरचं इंजिन आणि दोन पात्यांचा लाकडी प्रोपेलर कित्येक वर्षं धूळ खात पडलाय. शाळेला आता ते दर्शनी हॉलमध्ये मांडायचंय आणि आम्ही काही माजी विद्यार्थी त्या कामाला लागलोय. डेडस्टॉक रजिस्टरात नोंद एवढीच: 'विमान इंजिन पंख्यासह, एक नग.' त्यावरून सगळ्यांनी गृहीत धरलंय की हे टायगर मॉथ या जुन्या ब्रिटिश शिकाऊ विमानाचं आहे, पंखा इंजिनाला बसवा आणि पाटी लावा. मला मात्र ही जोडी खरी वाटत नाही.

आधी इंजिन. सिलिंडर खाली लोंबतायत, क्रँकशाफ्ट वर, हवेवर थंड होणारं. म्हणजे उलटं इनलाइन (सिलिंडर एका ओळीत). वैमानिकाला पुढचं नीट दिसावं आणि पंखा जमिनीपासून उंच राहावा म्हणून त्या काळी ब्रिटिश मंडळी असं करत. नेमप्लेट गायब, चार स्क्रूची भोकं तेवढी शिल्लक. टायगर मॉथचं जिप्सी मेजर असंच दिसतं हे खरं, पण सिरस मेजर हे दुसरं ब्रिटिश इंजिनही असंच दिसतं! दोन्हींचा स्ट्रोक (पिस्टनची धाव) १४० मिमी, त्यामुळे तो मोजून उपयोग नाही. बोअरमध्ये, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या व्यासात, फरक आहे: जिप्सी मेजरचा ११८, सिरस मेजरचा १२०. एक सिलिंडर आधीच कुणीतरी उतरवून ठेवलेला होता. आमच्या निवृत्त टर्नरकाकांनी इनसाइड कॅलिपर लावून तो मोजला, तर १२० च्या किंचित वर आला.

आता प्रोपेलर. लांबी सव्वासहा फुटांहून थोडी जास्त, थरावर थर चिकटवून केलेलं तांबूस लाकूड, पात्याच्या एका कडेला पितळी पत्रा. पत्र्याच्या टोकाला सुईने पाडावीत तशी बारीक भोकं आहेत, आत शिरलेलं पाणी फिरताना बाहेर फेकलं जावं म्हणून. कुठल्याशा स्नेहसंमेलनाच्या वेळी अख्ख्या पंख्याला चंदेरी ऑइलपेंट फासलाय, अगदी मधल्या ठोकळ्यावरसुद्धा, आणि खरी माहिती नेमकी तिथेच ठोकलेली असते. मोबाइलचा टॉर्च आडवा धरला की रंगाखालून काही इंग्रजी अक्षरं उठून दिसतात: एका ओळीत पी-एस-वाय, आणि त्यापुढे एम-ए. 'जिप्सी मेजर' असावं असा माझा अंदाज.

फुगीर बाजू माझ्याकडे आणि एक पातं सरळ वर केलं, तर वरच्या पात्याची पितळी कड माझ्या उजव्या हाताला येते. म्हणजे समोरून पाहताना पंखा घड्याळाच्या दिशेने फिरणार, वैमानिकाच्या जागेवरून उलटा. हा डावा पंखा झाला, आणि जिप्सी मेजर डावंच फिरतं.

थोडक्यात, इंजिन सिरसचं आणि पंखा जिप्सीचा, असा माझा संशय आहे. विचारायचंय ते असं. बोअरमधल्या दोन मिमी फरकावर कितपत विसंबायचं? रंग काढताना ठोकळ्यावरचे शिक्के जाणार नाहीत असा कोणता उपाय आहे? आणि पंखा इंजिनाला बसवताना बोल्टची भोकं जुळली नाहीत तर 'थोडं ड्रिल मारू' म्हणणाऱ्यांना थांबवायचं कसं?

(जेआरडी टाटांच्या विमानाचा हा पंखा आहे, असंही एक जण छातीठोकपणे सांगतोय. १५ ऑक्टोबर १९३२ ला कराचीहून जुहूला आलेलं ते पस मॉथ. आपल्याकडे कुठेही जुना पंखा निघाला की तो जेआरडींचाच असतो, तेव्हा हा मुद्दा सोडून द्या.)

*

जुना फिटर:
दोन मिमी म्हणजे जवळजवळ ८० थाउ (इंचाचे हजारावे भाग). सिलिंडर झिजून इतका मोठा होत नाही, आणि रीबोअर केलं (आतून पुन्हा कातलं) तरी एवढा माल काढत नाहीत, तेवढी भिंतच जाड नसते. फक्त मोजलंय कुठे ते तपासा. जिथे रिंग पोचत नाही त्या कडेला मोजा, तिथे मूळ माप मिळतं. काकांना आडवं-उभं दोन्ही घ्यायला सांगा, आणि जमलं तर पिस्टनचाही व्यास घ्या. १२० ठरलं तर इंजिन ६.३३ लिटरचं, ११८ असतं तर ६.१२ चं. अंदाज बरोबर वाटतोय.

दुसरं, ११८ आलं असतं तरी टायगर मॉथ म्हणायची घाई नको. जिप्सी मेजर लेपर्ड मॉथला होतं, माइल्स मॅजिस्टरला होतं, चिपमंकलाही त्याचीच पुढची आवृत्ती. विमान कोणतं हे नुसत्या इंजिनावरून कळत नाही. प्रोपेलरवरचा ड्रॉइंग नंबर जास्त बोलतो.

*

रनवे२७:
सिरस मेजर आपल्याकडे कुठून आलं याचं उत्तर बहुधा बंगळुरात आहे. हिंदुस्थान एअरक्राफ्टचं एचटी-२ हे शिकाऊ विमान, डॉ. वि. मा. घाटगे यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेलं. त्याचा पहिला नमुना ५ ऑगस्ट १९५१ ला उडाला तो जिप्सी मेजर १० वर. पुढच्या विमानांना सिरस मेजर ३ बसवलं, १५५ अश्वशक्तीचं. हवाई दलात आणि फ्लाइंग क्लबांत ती बरीच वर्षं होती, नंतर काहींना लायकमिंग कंपनीची इंजिनं बसवली. उतरवलेलं सिरस शिकवण्यासाठी एखाद्या तांत्रिक शाळेला मिळालं असेल तर त्यात नवल नाही. टायगर मॉथही त्याच क्लबांत होती, म्हणजे पंखा त्याच स्टोअरमधून आला असू शकतो. हा तर्क झाला हं, पाटीवर घालू नका. शाळेची जुनी आवक नोंद किंवा गेटपास शोधा. साल कळलं तरी पुष्कळ.

*

लाकूडकाम:
पॉलिश पेपर, वायर ब्रश, हीट गन, तिन्ही बंद! शिक्के लाकडात जेमतेम अर्धा-एक मिमी खोल असतात, घासले की गेलेच. जेलसारखा पेंट रिमूव्हर आधी पात्याच्या मागच्या बाजूला, दिसणार नाही अशा जागी लावून पाहा. खालचं वॉर्निश मऊ पडत नसेल तरच ठोकळ्याकडे वळा. तिथे कापसाच्या बोळ्याने, थोडा थोडा. खाचांतला रंग बांबूच्या टोकदार काडीने काढायचा, सुई नको. मग पातळ कागद ठेवून वरून शिसपेन्सिल आडवी फिरवा, डोळ्याला न दिसलेले आकडेही उमटतात. ब्रिटिश पंख्यांवर बहुतेक वेळा ड्रॉइंग नंबर, व्यास, पिच (एका फेरीत पुढे सरकायचं अंतर), इंजिनाचं नाव आणि अनुक्रमांक मिळतो.

बोल्टच्या भोकांभोवती लाकूड काळं पडलंय का तेही पाहा. बोल्ट सैल राहिले की लाकूड हबवर (पंखा धरणाऱ्या धातूच्या भागावर) घासून जळतं. असेल तर पंखा खरोखर उडालेला आहे, आणि तो डाग तसाच ठेवा. ड्रिलवाल्यांना सांगा की भोक मारलं की ती वस्तू राहत नाही, सजावट होते.

*

जुना फिटर:
एक राहिलं. इंजिनाची कास्टिंगं मॅग्नेशियम मिश्रधातूची असू शकतात, त्या काळी विमानांत ती सर्रास वापरत. आतल्या कोपऱ्यात जरासं खरवडून व्हिनेगरचा थेंब टाका. लगेच फसफसलं तर मॅग्नेशियम समजा, जागा पुसून कोरडी करा, आणि ग्राइंडर, गॅस, आम्ल यांना जवळ फिरकू देऊ नका. त्याचा कीस पेट घेतो.

*

धागाकर्ता:
सगळ्यांचे आभार. काकांनी रिंगच्या वरच्या कडेला पुन्हा माप घेतलं: १२० मिमी, आडवं-उभं सारखंच. भोकांभोवती काळपटपणा आहे, रंगाच्या भेगेतून दिसतो. मुख्याध्यापक दोन वेगळे स्टँड करायला तयार झालेत, ड्रिल मशीन कपाटात गेलंय. इंजिनाच्या पाटीवर तूर्त 'सिरस मेजर (बोअरच्या मापावरून)' एवढंच जाईल, प्रोपेलरची पाटी शिक्के वाचल्यावर.

आता एकच अडलंय. सिरस मेजरचं मेंटेनन्स मॅन्युअल किंवा पार्ट्स कॅटलॉग कुणाकडे असेल तर क्रँककेसवर इंजिन नंबर नेमका कुठे ठोकलेला असतो ते पाहून सांगाल का? डाव्या बाजूला मॅग्नेटोखाली (ठिणगीसाठी वीज तयार करणारा भाग) एक सपाट पट्टी आहे, पण तिच्यावरचं ग्रीस दगडासारखं झालंय आणि जागा ठाऊक नसताना मला ते खरवडायचं नाहीये.