'कर्बोदके म्हणजे ऊर्जा देणारे पदार्थ' ही व्याख्या आता बदलायला हवी का?

शर्कराबंध (धागाकर्ती)

कर्बोदकं कशासाठी असतात, असं शाळेतल्या कुठल्याही मुलाला विचारा. उत्तर ठरलेलं: ऊर्जेसाठी, एका ग्रॅममागे ४ किलोकॅलरी. हाच प्रश्न पदवीच्या मुलांना विचारला तरी उत्तर एखाद्या वाक्यानेच लांबतं. प्रथिनं शरीर बांधतात, डीएनए माहिती जपतो, मेदापासून पेशीचे पडदे बनतात आणि कर्बोदकांच्या वाट्याला फक्त सरपणाचं काम.

मी पेशींच्या पृष्ठभागावरच्या शर्करांवर काम करते, त्यामुळे हे वाक्य मला रोज खटकतं. ते अपुरं तर आहेच, शिवाय मुलांना चुकीच्या दिशेला नेतं. पृथ्वीवर सर्वाधिक प्रमाणात असलेलं सेंद्रिय बहुवारिक (पॉलिमर, म्हणजे छोट्या रेणूंची लांब साखळी) म्हणजे सेल्युलोज. झाड ते स्वतः जाळत नाही, त्यावर उभं राहतं. कीटकांचं कवच आणि बुरशीची पेशीभित्ती कायटिनची, म्हणजे तीही शर्कराच. आपल्या प्रत्येक पेशीवर शर्करांच्या साखळ्यांचं दाट आवरण असतं आणि बाहेरून येणाऱ्याची गाठ आधी त्याच्याशी पडते.

रक्तगटच पाहा. लँडस्टायनर यांनी १९०१ मध्ये गट वेगळे करून दाखवले, पण ते कशामुळे होतात हे रसायनाच्या भाषेत कळायला १९५० चं दशक उजाडलं. ए गटात तांबड्या पेशींवरच्या शर्करासाखळीच्या टोकाला एन-ॲसिटिलगॅलॅक्टोसामाइन असतं, बी गटात गॅलॅक्टोज आणि ओ गटात ती टोकाची शर्कराच नसते. ए आणि बी यांच्यात फरक काय, तर दुसऱ्या कार्बनवरचा एक छोटा गट. तेवढ्यावरून चुकीचं रक्त चढलेला माणूस दगावू शकतो. हे 'इंधन' या शब्दात कुठे बसतं?

आणखी एक हिशेब. तीन वेगवेगळी अमिनो आम्लं एकेकदा वापरून साखळी करायची, तर ६ प्रकार होतात. तीन वेगवेगळ्या हेक्सोज (सहा कार्बनच्या) शर्करा घ्या, मग ही संख्या १,०५६ पासून २७,६४८ पर्यंत जाते, कारण शर्करा अनेक जागी जोडता येतात, दोन दिशांनी जोडता येतात आणि फांद्याही फुटतात. इतकं सामर्थ्य असलेल्या रेणूची ओळख आपण पहिल्या दिवशी 'जळण' म्हणून करून देतो. ही व्याख्या बदलावी, असं माझं ठाम मत आहे.

वर्गशिक्षिका

असहमत.

पहिली व्याख्या सगळं सांगण्यासाठी नसते, पाय ठेवायला जागा मिळावी म्हणून असते. ज्या मुलाला पेशी म्हणजे काय हेच नुकतं कळतंय, त्याला एन-ॲसिटिलगॅलॅक्टोसामाइन सांगून काय साधणार? सूर्यप्रकाश शर्करेत बांधला जातो आणि तीच शर्करा फुटली की पेशी चालते, हा धागा त्याच्या हाती लागला तर बाकीचं जीवशास्त्र त्याला धरून ओवता येतं.

आणि ऊर्जा हा विषय तुम्ही म्हणता तितका उथळ नाही, नीट शिकवला तर. मी वर्गात विचारते: यकृत ग्लुकोज सुटा का ठेवत नाही, ग्लायकोजेनच्या फांदीदार गोळ्यात का बांधतं? सुटा ठेवला तर पेशीत त्याची तीव्रता सुमारे ०.४ मोलर होईल, म्हणजे रक्तातल्या ग्लुकोजच्या ऐंशीएक पट. पाणी आत घुसून पेशी फुटेल. बांधून ठेवला की कणांची संख्या नगण्य होते आणि ताण राहत नाही. पुढचा प्रश्न: मग फांद्या कशाला? फांदी म्हणजे मोकळं टोक, आणि विकर (एन्झाइम) टोकाकडूनच ग्लुकोज तोडत जातो. जितकी टोकं जास्त तितका पुरवठा वेगाने. रेणूचा आकार आणि त्याचं काम यांचं नातं इथेच मुलांना दिसतं. त्यासाठी व्याख्या मोडावी लागत नाही.

रात्रपाळी

वर्गशिक्षिकाताईंशी सहमत, आणि माझं कारण फार साधं आहे. मी तातडीच्या कक्षात काम करतो. रक्तातली साखर पार खाली गेल्याने बेशुद्ध झालेला माणूस आणला जातो, शिरेतून ग्लुकोज जातो आणि काही मिनिटांत तो डोळे उघडून आपण कुठे आहोत असं विचारतो. हे कितीतरी वेळा पाहिलंय, तरी दर वेळी अंगावर काटा येतो.

मेंदू वजनाने शरीराच्या सुमारे २ टक्के, पण विश्रांतीच्या वेळी एकूण ऊर्जेतला पाचवा हिस्सा एकटा वापरतो. दिवसाला साधारण १२० ग्रॅम ग्लुकोज. तांबड्या पेशींना तर पर्यायच नाही, त्यांच्यात ऊर्जा बनवणाऱ्या तंतुकणिकाच (मायटोकॉन्ड्रिया) नसतात, ग्लुकोजवरच जगायचं. पेशींवरच्या शर्करांचं महत्त्व मी नाकारत नाही. पण ग्लुकोज पाच मिनिटं नसेल तर काय होतं ते पाहिलेला माणूस 'ऊर्जा' हा शब्द दुसऱ्या क्रमांकावर ढकलणार नाही.

कोराकागद

मी विज्ञानातला नाही, पण वाचायला आवडतं. एक शंका. बाहेरून मिळालीच पाहिजेत अशी ९ अमिनो आम्लं आहेत, २ मेदाम्लं आहेत, पण अत्यावश्यक म्हणावं असं एकही कर्बोदक नाही, असं वाचलं होतं. मग इतक्या महत्त्वाच्या गोष्टीशिवाय शरीराचं चालतं कसं? दोघांपैकी कोणाचा मुद्दा यात टिकतो?

शर्कराबंध

कोराकागद, फार चांगली शंका. 'आहारात अत्यावश्यक नाही' आणि 'शरीराला गरज नाही' या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत, आणि यांची सरमिसळ करून बरेच चुकीचे सल्ले फिरत असतात. ग्लुकोज इतका गरजेचा आहे की शरीर त्यासाठी फक्त ताटावर अवलंबून राहत नाही. यकृत आणि मूत्रपिंड तो लॅक्टेट, ग्लिसरॉल आणि अमिनो आम्लांपासून स्वतः घडवतात. दीर्घ उपवासात मेंदू मेदापासून बनलेले कीटोन वापरायला लागतो, अगदी दोन तृतीयांशापर्यंत, पण उरलेल्यासाठी ग्लुकोज लागतोच.

तांबड्या पेशींची गरज रात्रपाळी यांनी सांगितलीच आहे, ती मला मान्यच आहे. पण शरीर ग्लुकोजपासून गॅलॅक्टोज, मॅनोज, फ्युकोज, सायलिक आम्लही बनवतं. हे जाळण्यासाठी बनवत नाही. या शर्करा बनवणारा एखादा विकर जन्मतःच बिघडला तर मूल ऊर्जेअभावी नव्हे, प्रथिनांवर शर्करा नीट न जोडल्या गेल्यामुळे आजारी पडतं. अशाच एका दुर्मीळ आजारात तोंडावाटे मॅनोज दिल्याने गुण येतो. ती शर्करा तिथे इंधन म्हणून दिलेली नसते.

निळा लिटमस

तुम्ही सगळे 'कर्बोदकं काय करतात' यावर भांडताय. ती काय *आहेत*, हे कोणीच सांगितलं नाही. मला व्याख्येची खरी अडचण तिथे दिसते.

कर्ब अधिक उदक, म्हणजे कार्बन आणि पाणी. हे नावच जुन्या समजुतीवर उभं आहे. हायड्रोजन आणि ऑक्सिजन पाण्याच्या प्रमाणात, २ ला १, म्हणून कर्बोदक. आता डीएनएमधली डीऑक्सिरायबोज पाहा: ५ कार्बन, १० हायड्रोजन, ४ ऑक्सिजन. प्रमाण बसत नाही, तरी ती शर्करा आहे. ॲसेटिक आम्ल पाहा: २, ४, २. प्रमाण तंतोतंत बसतं, पण ते कर्बोदक नाही. खरी व्याख्या रचनेची आहे: अनेक हायड्रॉक्सिल गट असलेले अल्डिहाइड किंवा कीटोन, आणि जलापघटनाने, म्हणजे पाण्याच्या क्रियेने तुटून, असे रेणू देणारे पदार्थ.

एमिल फिशर यांनी १८९१ मध्ये ग्लुकोजची त्रिमितीय मांडणी ठरवली ती निव्वळ तर्क आणि रासायनिक क्रियांच्या जोरावर, क्ष-किरणांनी स्फटिक वाचण्याची सोय नसताना. एकाच सूत्राचे १६ अल्डोहेक्सोज (सहा कार्बनच्या अल्डिहाइड शर्करा) शक्य, त्यांतला ग्लुकोज नेमका कोणता हे शोधायचं होतं. १९०२ चं नोबेल त्याच वाटेवरच्या कामासाठी. मला आजही हा रसायनशास्त्रातला सर्वांत देखणा युक्तिवाद वाटतो.

आणि निसर्गाला ग्लुकोजच का रुचला असावा? पाण्यात तो बहुतेक सगळा कडीच्या रूपात असतो, सुमारे ६४ टक्के बीटा आणि ३६ टक्के अल्फा; दोहोंत फरक एवढाच, की पहिल्या कार्बनवरचा हायड्रॉक्सिल गट वेगळ्या बाजूला असतो. मोकळ्या साखळीचं रूप अगदी किंचित. बीटा रूपात सगळे मोठे गट कडीच्या बाहेरच्या बाजूला पसरतात, एकमेकांना अडत नाहीत. प्रथिनांना आपोआप चिकटतं ते मोकळं रूप, म्हणून ग्लुकोज इतर शर्करांच्या मानाने निरुपद्रवी. तरीही थोडा चिकटतोच, आणि मधुमेहासाठी करतात ती एचबीए१सी चाचणी तेच मोजते. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, म्हणून त्या आकड्यात मागच्या दोन-तीन महिन्यांची नोंद सापडते.

वर्गशिक्षिका

निळा लिटमस, नावाचा घोळ मुलांना सांगायला हवा, मान्य. उद्यापासून सांगेन.

पण शर्कराबंध, तुमच्या २७,६४८ या आकड्याला माझा आक्षेप आहे. ते झालं कागदावरचं गणित. पेशीकडे त्यातल्या मोजक्याच जोडण्यांचे विकर असतात, बाकीची रूपं कधी बनतच नाहीत. शिवाय प्रथिनाचा क्रम जनुकात लिहिलेला असतो, शर्करासाखळीचा कुठेच लिहिलेला नसतो. कोणते विकर हजर आहेत, कच्चा माल किती आहे, यावर ती ठरते. एकाच प्रथिनाच्या दोन प्रतींवर दोन वेगळ्या साखळ्या असू शकतात. ज्याला मूळ प्रतच नाही त्याला 'माहिती' म्हणणं अतिशयोक्ती वाटते.

शर्कराबंध

आकड्याबद्दल तुमचं बरोबर आहे. तो शक्यतांचा आकडा आहे, पेशीत सापडणाऱ्या साखळ्यांचा नाही, हे मी लिहायला हवं होतं.

पण मूळ प्रत नाही म्हणून अर्थही नाही, हे पटत नाही. वाचणारा असला की अर्थ येतो. फ्लूचा विषाणू पेशीवरची सायलिक आम्ल ही शर्करा पकडून पेशीत शिरतो. पक्ष्यांच्या फ्लूला प्रामुख्याने अल्फा-२,३ जोडणी लागते, माणसांत रुळलेल्याला अल्फा-२,६. तीच शर्करा, फक्त जोड वेगळा. पेशीच्या आतही तेच. लायसोझोमकडे (पेशीतल्या टाकाऊ पदार्थ पचवणाऱ्या पिशवीकडे) जाणाऱ्या विकरांवर मॅनोज-६-फॉस्फेटची खूण असते. ती खूण न लागण्याचा एक जन्मजात आजार आहे, त्यात विकर बनतात, पण जिथे जायचं तिथे न जाता पेशीबाहेर टाकले जातात.

शेवटी आईचं दूध. त्यात लॅक्टोज आणि मेदानंतर घन घटकांत तिसरा क्रमांक छोट्या शर्करासाखळ्यांचा असतो. बाळ त्या पचवूच शकत नाही. आई स्वतःची ऊर्जा खर्चून बाळासाठी न पचणारी शर्करा बनवते! 'कर्बोदके म्हणजे ऊर्जा' शिकलेल्या मुलाने हे वाचून काय समजायचं?

रात्रपाळी

समजायचं हे की ती बाळाच्या आतड्यातल्या जिवाणूंसाठी आहे. मोठ्यांच्या आतड्यातही जिवाणू न पचलेल्या तंतूंपासून ब्युटिरेट हे छोटं मेदाम्ल बनवतात आणि मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशी त्यावर चालतात. म्हणजे फिरून ऊर्जाच.

पण प्रामाणिकपणे एक सांगतो. काल तुमचं लिहिलेलं वाचून ड्युटीवर गेलो. हेपॅरिनची, म्हणजे रक्त गोठू न देणाऱ्या औषधाची, कुपी हातात घेतली आणि थबकलो. गेली कित्येक वर्षं ते देतोय. ते सल्फेट गटांनी भरलेली शर्करासाखळी आहे, हे शिकताना कधीतरी वाचलं होतं, पण 'कर्बोदक' या शब्दाशी कधी जोडलंच नव्हतं. त्यात पाच शर्करांचा एक ठराविक क्रम असतो, तो रक्तातल्या अँटिथ्रॉम्बिन या प्रथिनाला धरतो, म्हणून रक्त गोठणं थांबतं. क्रम बदलला तर ती पकडच बसत नाही. वर्गशिक्षिकाताई, याला माहिती म्हणावं की नाही हे तुम्ही ठरवा, मला नाही म्हणणं जड जातंय. पहिला शब्द मात्र ऊर्जाच राहू दे.

वर्गशिक्षिका

हेपॅरिनचं उदाहरण चपखल आहे. 'अतिशयोक्ती' हा शब्द मागे घेते. क्रमाबद्दलचं मत बदललेलं नाही: ऊर्जा आधी.

पण एक बदल करणार. आतापर्यंत सेल्युलोज वनस्पतींच्या धड्यात आणि स्टार्च पोषणाच्या धड्यात, असं तुटक शिकवत होते. आता दोन्ही एकाच तासाला घेईन. दोन्हींत ग्लुकोजच, फक्त एकात अल्फा जोड आणि दुसऱ्यात बीटा, म्हणून एक अन्न आणि एक खोड. माणसाला बीटा जोड तोडता येत नाही, हेही तिथेच सांगता येईल. पुठ्ठ्याच्या षटकोनी कड्या करून मुलांनाच जोडायला लावते.

निळा लिटमस

छान कल्पना, दोन दुरुस्त्या. 'माणसाला बीटा जोड तोडता येत नाही' असं सरसकट सांगू नका. लॅक्टोजमधला जोडही बीटाच आहे आणि लॅक्टेज तो तोडतं. आपल्याकडे नाही तो सेल्युलोजचा विकर.

दुसरं, कड्या जोडताना सेल्युलोजमध्ये एक सोडून एक कडी उलटी लावायला सांगा. मग साखळी सरळ राहील, शेजारच्या साखळीला लागून बसेल आणि हायड्रोजन बंध कुठे पडतात हे मुलांना बोटाने दाखवता येईल. स्टार्चच्या सगळ्या कड्या एकाच बाजूने ठेवून प्रत्येक जोडाला थोडा बाक द्या. पाच-सहा कड्या झाल्या की साखळी आपसूक वळायला लागेल.