हत्यारांच्या खणात घरी केलेले कप्पे : तुमचं काय टिकलं?

नवी पेटी आणली की पहिला आठवडा ती देखणी दिसते. मग टेस्टर तळाला जातो, त्यावर पक्कड, त्यावर शेजाऱ्यांनी परत आणून टाकलेला पाईप पाना, आणि 10-11 चा पाना हवा झाला की अख्खा खण जमिनीवर पालथा. तयार प्लास्टिकचे ट्रे मिळतात, पण ते आपल्या खणाच्या मापाचे नसतात, आणि बसलेच तर हत्यार त्यात मावत नाही.

म्हणून ज्यांनी घरीच कप्पे केलेत त्यांनी इथे लिहा. कशाचे केले, कसे जोडले, आणि मुख्य म्हणजे वापरात काय टिकलं. पहिल्या दिवशीच्या कौतुकापेक्षा दुसऱ्या पावसाळ्यानंतरचा अनुभव जास्त कामाचा.

सुरुवात मी करतो. खण लोखंडी, कप्पे 6 मिमी प्लायचे. पट्ट्यांची उंची खणापेक्षा एक सूत कमी ठेवली, म्हणजे बंद करताना वर घासत नाही. उभ्या पट्टीला वरून निम्म्या उंचीपर्यंत खाच, आडवीला खालून तेवढीच, आणि दोन्ही एकमेकींत बसवायच्या. खाचेची रुंदी फूटपट्टीने मोजू नका. प्लायचाच तुकडा उभा धरून दोन्ही बाजूंनी रेघ मारा, कारण 6 मिमी म्हणून विकला जाणारा प्लाय भरून 6 मिमी असेलच असं नाही. सगळ्या उभ्या पट्ट्या एकत्र क्लँपमध्ये आवळून एकदम करवत चालवली की खाचा आपोआप एका रेषेत येतात. करवत रेघेच्या आतून, उरलेलं कानशीने. फेविकॉल कुठेही लावलेला नाही. खाच घट्ट असेल तर गरज पडत नाही, आणि नवं हत्यार आलं की पट्टी उपसून दुसरीकडे लावता येते.

डोंबिवली, वीजकाम

हे सगळं घरात उभ्या असलेल्या पेटीसाठी ठीक. आमची पेटी स्कूटरवर पायाशी असते, जिन्यात आडवी होते, कधी उलटी. उघडे कप्पे असले की साइटवर पोचेपर्यंत सगळ्याची भेळ. त्यामुळे बारीक माल झाकणाच्या डब्यांतच. उघड्यावर फक्त लांब हत्यारं, आणि त्यांच्यासाठी 25 मिमी पीव्हीसी पाईपचे तुकडे कापून, एकत्र टेपने आवळून उभे केलेत. एकेका नळीत एकेक स्क्रू ड्रायव्हर. तुकडे हत्याराच्या निम्म्या उंचीचे घ्या, मूठ वर दिसली पाहिजे.

आणि केसिंग-कॅपिंगचे (भिंतीवरून वायर नेतात त्या प्लास्टिकच्या पट्ट्या) उरलेले तुकडे टाकू नका! खणात केसिंग शेजारी शेजारी चिकटवली की ड्रिलचे बिट आणि ॲलन की ठेवायला लांबट खोबण्या तयार. टोकं एम-सीलने बंद करायची.

चिपळूण

कोकणातल्यांसाठी एवढंच सांगतो, की पुठ्ठा आणि एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेला बोर्ड) विसरा. पुठ्ठा ओल धरून ठेवतो आणि पटाशी जिथे त्याला टेकलेली असते नेमकी तिथेच गंजाची रेघ उमटते. एमडीएफ फुगतो, मग आषाढात खण उघडता उघडत नाही. खाली मखमल किंवा फेल्ट अंथरायचा मोहही टाळा, तीच गत.

माझे कप्पे जुन्या खिडकीच्या सागवानी झडपांतून निघालेत. लाकूड वर्षानुवर्षं वाळलेलं, त्यामुळे आता हलत नाही. एवढं नशीब नसेल तर दुकानात आयएस 710 चा शिक्का बघून मरीन प्लाय घ्या. नेहमीच्या प्लायपेक्षा महाग पडतो, पण लागतो किती? कापलेल्या कडांना मात्र वॉर्निश द्याच, पाणी तिथूनच शिरतं. हत्यारांना मशीन ऑइलचा हात आणि कोपऱ्यात कापराची पुडी, हे आमच्याकडे पूर्वापार चालत आलंय.

नाशिक

आमच्या घरात पेटी माझी आहे, ह्यांची नाही, हे आधीच सांगते. ह्यांना स्क्रू आणि चुका यांतला फरक लग्नानंतर मी शिकवला.

स्टीलचा जुना मिसळणाचा डबा माझ्या खणात बसवलाय. एका वाटीत चुका, एकीत वॉशर, एकीत पीव्हीसीच्या गिट्ट्या, बाकीच्यांत मापाप्रमाणे स्क्रू. फायदा असा की हवी ती वाटी उचलून शिडीवर नेता येते. पट्ट्या लावून केलेल्या कप्प्यातून बारीक खिळे चिमटीने वेचत बसावं लागतं, ते कुणी बोलत नाही. डब्याभोवती जी जागा उरते तिथे टेप, मेणबत्तीचा तुकडा (स्क्रूला घासायला), पॉलिश पेपर.

चाकण, शॉप फ्लोअर

कंपनीत 5एस (जागेची नीटनेटकी मांडणी ठेवायची पद्धत) आलं तेव्हापासून आमच्याकडे हत्यारं फोममध्ये. दोन रंगांचे थर असतात, वर काळा, खाली पिवळा किंवा लाल. वरच्या थरात हत्याराच्या आकाराचा साचा कापायचा. हत्यार जागेवर नसलं की खालचा रंग डोळ्यात भरतो. विमानांच्या देखभालीत तर हे फार काटेकोरपणे पाळतात, कारण इंजिनात विसरलेला पाना परवडत नाही.

घरी मी जुन्या योगा मॅटवर केलं. हत्यार ठेवून पेनाने कडेकडेने रेघ, मग कटरचं पातं नवं लावून, सरळ उभं धरून, एका दमात न कापता दोन-तीन फेऱ्यांत. मधोमध बोट जाईल एवढी खाच ठेवा, नाहीतर पाना निघतच नाही. दिसायला झकास, पण खरं सांगायचं तर जागा फार खातं. प्लायच्या कप्प्यात जेवढे पाने मावतात त्याच्या निम्मेच यात. ज्यांची हत्यारं ठरलेली आहेत त्यांनीच या वाटेला जावं.

न्यू जर्सी

थ्रीडी प्रिंटर असेल तर ग्रिडफिनिटी बघा. 2022 पासून बरंच लोकप्रिय झालंय. तळाशी 42 मिमीच्या चौकोनांची जाळी, वर त्यात बसणारे डबे, उंची 7 मिमीच्या पटीत. फाइली फुकट मिळतात. डबे हवे तसे हलवता येतात.

नागपूर

वरच्यांना एक पुरवणी. पीएलएचे (थ्रीडी प्रिंटरमध्ये नेहमी वापरतात ते प्लास्टिक) डबे गाडीच्या डिकीतल्या पेटीत ठेवू नका. ते साधारण 60 अंशांपाशी मऊ पडायला लागतं, आणि आमच्या मे महिन्यात बंद गाडीचं काय होतं ते विचारूच नका. त्याऐवजी पीईटीजी प्लास्टिक घ्या.

कोल्हापूर, लेथ

मला पत्राच बरा वाटतो. तेलाच्या 15 किलोच्या डब्याचा पत्रा कापून एल आकारात वाकवायचा, कडा दुमडून घ्यायच्या (हाताला लागतात), आणि तळाला पॉप रिव्हेट. हल्ली बरेच जण कप्प्याखाली लोहचुंबक लावतात. पान्यांना चालेल, पण व्हर्निअर आणि मायक्रोमीटर त्या खणात अजिबात नकोत. चुंबकत्व आलं की बारीक कीस चिकटतो, आणि मग माप काय कपाळ येणार?

धागाकर्ता

पत्र्याचं आणि योगा मॅटचं दोन्ही आवडलं. मात्र खण भरून एकसारखे चौकोन करण्याच्या मी विरोधात आहे. हत्यारं चौकोनी नसतात. आधी सगळी जमिनीवर मांडा, जी रोज लागतात ती पुढे, आणि सर्वांत लांब हत्यारासाठी खणभर एक कप्पा सोडा. लांबीत मावत नसेल तर पट्टी तिरकी टाका, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत जास्त लांबी मिळते. आणि एक कप्पा सटरफटरसाठी राहू द्या. तो नसेल तर बाकीचे सगळे सटरफटरचे होतात.

कुणी शिलाई मशीनच्या लाकडी खणात असं काही केलंय का? आतून अरुंद आणि खोल असतो, एकावर एक दोन थर करायचा विचार आहे. वरचा ट्रे सरकता ठेवावा की उचलता, यावर अडलोय.