पॉइंट टू-टू रायफलची नळी: स्टेनलेसचा एवढा आग्रह का?

नेमधरू:
पॅरिसमध्ये २०२४ साली कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, पालथं आणि उभं राहून नेमबाजी) ब्राँझ मिळवलं, तेव्हापासून आमच्या रेंजवर पालक चौकशीला येतात. त्यांना पहिला सल्ला मिळतो, "स्टेनलेसचीच नळी घ्या." मला तो चुकीचा वाटतो. पॉइंट टू-टूची (०.२२ इंची) गोळी मऊ शिशाची, जेमतेम २.६ ग्रॅमची, दारू चिमूटभर. मोठ्या बोअरच्या, म्हणजे जाड गोळीच्या रायफलीत तापलेला वायू चेंबरपुढचा (काडतूस बसतं त्या खोबणीपुढचा) भाग खात जातो, तशी आग इथे नाहीच. लक्ष्यावरचं दहा गुणांचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं. त्यात गोळ्या बसवायच्या तर नळीला मानवणारा काडतुसांचा लॉट (एकाच वेळी बनलेली खेप) शोधा, पैसे तिथे घाला.

खाडीकाठचा:
झीज राहू द्या, गंजाचं बोला! माझी नळी क्रोम-मॉलीची, म्हणजे क्रोमियम-मॉलिब्डेनम घातलेल्या साध्या पोलादाची. रत्नागिरीत एका जुलैत आठवडाभर तेलाचा हात फिरवायचा राहिला आणि आत डाग पडले. क्रोम-मॉलीत क्रोमियम साधारण १ टक्का, स्टेनलेसमध्ये १२ च्या आसपास. व्हिएतनामच्या दमटपणात अमेरिकी सैन्याच्या सुरुवातीच्या एम-१६ रायफलींच्या चेंबरला क्रोमचा थर नव्हता. गंजलेल्या चेंबरमध्ये पुंगळ्या अडकल्या, माणसं जिवाला मुकली. मग थर आला. धातू दुय्यम कसा?

लेथवाला:
खाडीकाठचा, तो दाखला लष्करी रायफलीचा. क्रोमचा थर सगळीकडे सारख्या जाडीचा बसवणं अवघड, म्हणून नेमबाजीच्या नळ्यांना सहसा तो देत नाहीत. आणि नळीचं ४१६ स्टेनलेस म्हणजे घरातल्या डब्याचं १८/८ नव्हे. त्यात मुद्दाम गंधक घालतात, त्यानं हत्यार स्वच्छ कापतं, नळीच्या आतल्या, गोळीला फिरकी देणाऱ्या खाचा गुळगुळीत येतात. पण गंधकामुळेच गंजाला विरोध थोडा घटतो. तेल त्यालाही लागतं. तरीही नेमधरूंचं "धातू सोडा" मला मान्य नाही. चांगला कारागीर नळीसाठी ४१६च का उचलतो, त्याला ही स्वच्छ कापणी हेच कारण आहे.

नेमधरू:
कोकणापुरतं मी मागे घेतो. तिथे स्टेनलेस घ्या. पण घाटावरच्या पालकांनो, रेंजवर मी बाद होताना पाहिलेल्या नळ्या गंजानं गेल्या नव्हत्या. पोरांनी साफसफाईची सळई पुढच्या तोंडातून घुसवून कड घासली होती. गोळी शेवटची तिथूनच सुटते, एका बाजूला ओरखडा असला की ती भरकटते. सळई नेहमी मागून, गाईड (सळई सरळ धरणारी नळी) लावून घाला.

खाडीकाठचा:
हे मात्र पटलं. पण नवी नळी मी स्टेनलेसचीच घेणार.