विषय: मॉस बीच (कॅलिफोर्निया) सहल – सकाळी साडेसहा की दहा?

सहल समिती:
मंडळी, पत्रकात दहा छापलंय ते चुकलंय. शनिवारी साडेसहालाच वाहनतळावर या. ओहोटी ६:४० ला आहे, उणे एक फूट, म्हणजे पाणी नेहमीच्या मोठ्या ओहोटीपेक्षाही फूटभर खाली. दहापर्यंत कातळ आणि त्यांतली डबकी बुडतात, मग मुलांना नुसत्या लाटा दिसतील. किती डोकी ते आज रात्रीपर्यंत कळवा, मोठ्या गटाची उद्यानाकडे आधी नोंदणी करायची आहे.

माई, फ्रीमाँट:
म्हणजे मुलांना पाचच्या आत उठवायचं! आणि पोहे? मागच्या वेळेसारखे गारढोण नकोत. शिवाय चित्रकलेचं काम आमच्या बालशाळेकडे होतं, वेळ हलवताना आम्हाला विचारायला हवं होतं. शिंपले गोळा करून चौकटी करायच्या ठरल्यात, त्याला दोन तास लागतात.

नाना:
मी गुहागरचा. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते, चतुर्थीला तीन. पुढे सहा तासांनी ओहोटी. दिवसातून दोनदा ओहोटी येतेच, मग संध्याकाळची धरा. लहानग्यांचे हाल कशाला?

सहल समिती:
नाना, कोकणात तुमचा हिशेब चोख आहे. इथे मात्र दिवसाच्या दोन ओहोट्या सारख्या नसतात. एकीला पाणी खूप उतरतं, दुसरीला जेमतेम. वसंतात मोठी ओहोटी पहाटे-सकाळी येते, हिवाळ्यात दुपारनंतर. डिसेंबरात गेलो तर दुपारी जमेल, पण सिटी नेचर चॅलेंज (शहराशहरांतली निसर्गनोंदींची चढाओढ) एप्रिलअखेरीस असतं. २०१६ मध्ये सॅन फ्रान्सिस्को आणि लॉस एंजेलिसच्या चुरशीतून ते सुरू झालं. आता जगभरची शहरं उतरतात, आपल्या मुलांनी काढलेले फोटोही आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर मोजले जातील.

माई, शिंपल्यांचं मात्र नाहीच. ते राखीव क्षेत्र आहे, रिकामा शिंपलासुद्धा उचलायचा नाही. गेल्या महिन्यात मी एका डबक्याशी बसून पाहिलं. करंगळीच्या नखाएवढा खेकडा रिकाम्या शंखाच्या तोंडाशी आला, आत नांगी घालून कितीतरी वेळ चाचपत राहिला. मग जुन्या शंखातून मऊ पोट काढून झटक्यात नव्यात शिरला. तो शंख आपण घरी आणला असता तर?

सनीवेलहून:
माझी बहीण मुंबईत हाजी अलीला मरीन लाइफ ऑफ मुंबई या गटाच्या किनाऱ्यावरचे जीव दाखवणाऱ्या फेरीला गेली होती. ती फेरीही ओहोटी बघूनच ठेवतात. आयुष्य मुंबईत गेलं, पण तिथे प्रवाळ आहे हे तिला त्या दिवशी कळलं. फोनवर रडत होती. आम्ही चौघं येतो, साडेसहाला.

माई:
खेकड्याचं वाचून लेकीने आत्ताच चित्र काढायला घेतलं. चौकटी रद्द. पण तिथली चित्रं बालशाळाच घेणार, हे लिहून ठेवा. जाड कागद आणि रंगीत पेन्सिली आणते. जलरंग नकोत, ब्रश कुणीतरी डबक्यात बुडवेल.

सहल समिती:
मान्य, चित्रं तुमची. घसरणार नाहीत असे बूट घाला, शेवाळावर पाय देऊ नका. सील पहुडलेले असतात, त्यांच्यापासून ३०० फूट लांब राहायचं. कुत्री आणू नका.

नाना:
पोह्यांसाठी आमची मोठी गरमपेटी आणतो, नऊला वाढू. तारामासे दिसतील ना? नातू रोज विचारतो.

सहल समिती:
२०१३ पासूनच्या रोगात पुष्कळ गेले, पण जांभळे-केशरी अजून दिसतात. कपारींत वाकून बघायला सांगा, ओढून काढू देऊ नका. नाना, तुमचे किती जण धरू?