मदत हवी आहे: मस्कतची खारीक कोकणात कशी पोचायची?

नमस्कार मंडळी,

ओटीत घालतो ती खारीक इंग्रजी अमदानीत मोठ्या प्रमाणावर ओमानहून यायची. तिथे मबसली जातीचा खजूर पिवळा असतानाच उतरवून मोठ्या कढयांत उकळत, उन्हात खडखडीत वाळवत आणि मस्कतहून गलबतांत भरत. परतीला तांदूळ, कापड, सागवान. (आपला रुपयाही तिकडे चालायचा, हे मला फार उशिरा कळलं!)

माझं घोडं अडलंय कोकणात. रत्नागिरी, वेंगुर्ल्याला हा माल थेट उतरायचा, की आधी मुंबईला आणि तिथून छोट्या गलबतांनी खाली? जकातीच्या जुन्या नोंदी कुणी चाळल्या आहेत का? मुंबईच्या पुराभिलेखागारात नेमके कोणत्या खात्याचे रुमाल (जुन्या कागदपत्रांचे कापडात बांधलेले गठ्ठे) मागवू? घरी आजोबा-पणजोबांच्या व्यापारी वह्या असतील तर एखाद्या पानाचा फोटोही चालेल, मोडीत असला तरी.