गावसफाईला माणसं जमतात, पण गोळा केलेली पन्नी (प्लास्टिकच्या पिशव्या-पाकिटं) शेवटी जाते कुठं?

पांदणरस्ता (कळंब, यवतमाळ)

आमच्या पट्ट्यातल्या बहुतेक गावांत 2 ऑक्टोबरला, 20 डिसेंबरला गाडगेबाबांच्या पुण्यतिथीला आणि पावसाच्या तोंडावर नाल्या उपसायला गावसफाई होते. माणसं मनापासून येतात. सकाळी गुरुदेव सेवा मंडळाची प्रार्थना होते, मग हातात खराटे घेऊन सगळे निघतात. तासाभरात आठवडी बाजाराची जागा, शाळेमागचा भाग, नाल्याचा काठ लख्ख होतो. पोत्यांचा ढीग लागतो. पुढं काय होतं ते कुणी पाहत नाही, म्हणून इथं लिहितो.

तो ढीग ट्रॉलीत भरून गावाबाहेर, बहुधा मसणवटीच्या मागं नाहीतर नाल्याच्या वळणावर टाकतात आणि काडी लावतात. धूर सरळ गावकुसाजवळच्या वस्तीत जातो, आणि तिथं कोण राहतं हे विदर्भातल्या माणसाला सांगायला नको. अर्धवट वितळलेले गोळे पहिल्या पुरात वाहून खालच्या शेतांत येतात. म्हणजे गावभर विखुरलेला कचरा आपण एका ठिकाणी आणला, त्याचं विष केलं आणि ते सर्वांत गरीब वस्तीच्या नाकात घातलं.

माझं म्हणणं सरळ आहे. प्लास्टिक कुठं जाणार, कोण नेणार आणि कुणाच्या पैशानं नेणार हे आधी ठरलं नसेल, तर गावसफाई घेऊच नये.

लोक लगेच गाडगेबाबांचं नाव घेतील, म्हणून त्याबद्दल आधीच बोलतो. बाबांचा जन्म 1876 चा, आपल्याच अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा. त्यांनी आयुष्यभर आधी गाव झाडलं आणि रात्री कीर्तन केलं. पण त्यांच्या खराट्याखाली काय यायचं? शेण, पालापाचोळा, कुटार, राख. ते उकिरड्यावर गेलं की वर्षभरात खत व्हायचं. झाडलोटीला शेवटचा मुक्काम होता आणि तो गावातच होता. आज त्याच उकिरड्यात पन्नी जाते आणि शेणखताबरोबर वावरात येते. उन्हाळ्यात खत पसरवलेलं रान बघा, वखराच्या पासेला (पात्याला) पन्न्या गुंडाळलेल्या दिसतील. खराटा तोच आहे, पण त्याच्या पुढची व्यवस्था मोडली आहे आणि ती स्वयंसेवकांच्या हातानं पुन्हा उभी राहणार नाही.

कायद्यानं ते काम कुणाचं हेही स्पष्ट आहे. 2016 च्या प्लास्टिक कचरा व्यवस्थापन नियमांत प्लास्टिक वेगळं करणं, गोळा करणं, साठवणं आणि पुनर्वापर करणाऱ्यापर्यंत पोचवणं ही ग्रामपंचायतीची जबाबदारी लिहिली आहे. ते उघड्यावर जळू नये हेही तिनंच पाहायचं. स्वच्छ भारत मिशनच्या दुसऱ्या टप्प्यात 5000 पर्यंत लोकसंख्येच्या गावाला घनकचऱ्यासाठी माणशी 60 रुपयांपर्यंत तरतूद ठेवली होती. दीड हजार वस्तीच्या गावाला 90,000 होतात. तालुक्याला प्लास्टिक प्रक्रिया केंद्रासाठी 16 लाखांपर्यंत वेगळे. फुकटात सफाई होत असेल तर हा हिशोब ग्रामसभेत कोण विचारणार?

झेडपीचा मास्तर (वरूड)

भाऊ, तुमची माहिती बरोबर आहे, निष्कर्ष मात्र उलटा आहे. तुम्ही म्हणता आधी व्यवस्था, मग माणसं. माझा अनुभव असा की माणसं आधी वाकतात आणि मग व्यवस्था मागतात.

आमच्या तालुक्याचंच घ्या. 2016 मध्ये पाण्याच्या श्रमदानाची स्पर्धा पहिल्यांदा झाली तेव्हा राज्यातले तीनच तालुके होते. कोरेगाव, अंबाजोगाई आणि आमचं वरूड. तेव्हाही लोक म्हणाले की हे काम कृषी खात्याचं, यंत्रानं दोन दिवसांत होईल, माणसं कशाला उन्हात मरतात. पण ज्यानं स्वतः चर खोदला, तो पुढं बोअर किती फूट गेली आणि संत्र्याला पाणी किती दिलं यावर बोलायला लागला. ज्यानं खोदला नाही तो अजून पारावर बसून सरकारला शिव्या देतो. कचऱ्याचंही तेच आहे.

आम्ही मुलांना घेऊन सफाई करतो तेव्हा गोळा झालेलं शाळेच्या पटांगणात ओतून वेगळं करतो. पाण्याच्या बाटल्या एकीकडं, दुधाच्या पिशव्या एकीकडं, चिप्सची पाकिटं आणि गुटख्याचे पाऊच एकीकडं. गुटख्यावर राज्यात 2012 पासून बंदी आहे, आणि सर्वांत उंच ढीग त्याच पाऊचांचा आणि खर्ऱ्याच्या (तंबाखू-सुपारीच्या मिश्रणाच्या) पन्न्यांचा निघाला. तो ढीग पाहून गावातल्या बायका सरपंचाकडं गेल्या. नियमाचा कागद वाचून कुणी गेलं नसतं.

पांदणरस्ता

सर, मुलांनी वेगळं केलं हे चांगलंच. पण ते गटुळे आज कुठं आहेत? बाटल्या भंगारात गेल्या असतील. पाऊच आणि चिप्सच्या पाकिटांचं काय झालं ते लिहा.

झेडपीचा मास्तर (वरूड)

शाळेच्या खोलीत पोती भरून ठेवली आहेत. जाळू दिली नाहीत. पंचायत समितीला पत्र दिलं आहे.

भंगार दुकान (दारव्हा)

मी भंगार घेतो म्हणून माझंही ऐका बाप्पा. गावसफाई झाली का दुसऱ्या दिवशी पोट्टे पोते घेऊन येतेत. पोत्यात चिखल, ओली पन्नी, काचा, अन् मंदात दोन बाटल्या. मी नाही म्हणलं का मास्तर नाराज होते. पण मी काय करू? पाण्याची बाटली घेतो, डब्बे घेतो, खुर्ची-बादली घेतो, पुठ्ठा घेतो. पन्नी कोरडी अन् साफ असन तं घेतो, पण पोतंभर पन्नीले वजनच नाही भरत. नागपूरले न्यायचं भाडंही निघत नाही. चकचकीत पाकीट अन् पाऊच तं कोणीच घेत नाही, कारण त्याच्यात थरावर थर असतेत, ते वितळवून पुन्हा काही होत नाही.

मले पंचायतीनं महिन्यातून एक दिवस ठरवून द्यावा. त्या दिवशी कोरडं, वेगळं केलेलं सामान एका खोलीत पाहिजे. मी गाडी घेऊन येईन. सालातून एकदा ढीगभर गाळ नको, महिन्याचे महिन्याले दोन पोते साफ माल द्या. आमच्या धंद्यात येच्यापेक्षा दुसरी व्यवस्था नाही.

बचतगटवाली (आर्वी)

मास्तर आणि पांदण भाऊ दोघंही माणसं माणसं करता. ती माणसं कोण असतात ते मी सांगते.

सफाई आली की बचतगटाला निरोप येतो. प्रत्येक घरची एक बाई पाहिजे. स्वच्छतेचा पंधरवडा सप्टेंबरच्या शेवटी आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला असतो, आणि तेव्हाच सोयाबीनची सोंगणी (कापणी) असते. वर्षातली चांगली मजुरी तेव्हाच हातात येते. 20 डिसेंबरला कापूस वेचणीला जायचं असतं. सकाळचे दोन तास गेले की त्या दिवशीचं काम गेलं, कारण सोंगणीच्या गुत्त्यात (ठेक्याच्या कामात) उशिरा आलेल्या बाईला कुणी घेत नाही. गेलो नाही तर गटाच्या कर्जाच्या कागदावर सही करताना ऐकून घ्यावं लागतं. ज्यांच्याकडं ट्रॅक्टर आहे ते फोटोच्या वेळेला येतात.

आणि वर्षभर नाली कोण काढतं? ग्रामपंचायतीचा एक सफाई कामगार. त्याचा पगार महिनोन् महिने थकतो, त्यावर कुणी मोहीम काढत नाही. स्वयंसेवा ही ज्याच्या घरी दाणे आहेत त्याची गोष्ट आहे. आमच्याकडून काम पाहिजे तर मजुरी द्या. पंधराव्या वित्त आयोगाच्या पैशात 60 टक्के बंधित, म्हणजे ठरलेल्या कामांसाठीच, होते आणि त्यातला अर्धा वाटा स्वच्छतेचा होता. तो कुठं खर्च झाला ते ग्रामसभेत वाचून दाखवा.

झेडपीचा मास्तर (वरूड)

ताई, मजुरीचं तुमचं म्हणणं मला पटतं, तारखांचंही. पण सगळंच मजुरीवर आणलं तर गाव आपलं आहे ही भावना उरणार नाही. पवनारजवळच्या सुरगावला विनोबा रोज फावडं घेऊन मैला साफ करायला जात. त्यांना कुणी मजुरी दिली नव्हती, आणि त्यांनी व्यवस्थेची वाटही पाहिली नाही.

बचतगटवाली (आर्वी)

सर, विनोबा रोज जात होते हेच तर त्यातलं मुख्य. ते स्वतः जात होते, दुसऱ्याच्या बायकोला निरोप पाठवत नव्हते. तुम्ही आणि सरपंच रोज एक गल्ली घ्या, वर्षभर घ्या. मग आम्हाला बोलवायची गरजच पडणार नाही, आम्ही आपोआप येऊ.

धानोऱ्याहून (गडचिरोली)

गोळा झाल्यावर काय, यावरच सगळे भांडता आहात. गोळा होतं कशामुळं ते पाहा ना. आमच्या जिल्ह्यात रस्त्याच्या कडेला जे पडलेलं दिसतं त्यात खर्ऱ्याची पन्नी फार मोठी. एक खर्रा म्हणजे एक पन्नी, आणि माणूस दिवसाला कितीतरी खातो. ती पन्नी इतकी लहान की खराट्यात येत नाही, पावसाच्या पाण्यात मात्र लगेच वाहते आणि धानाच्या बांधीत जाऊन रुतते.

2016 पासून मुक्तिपथचं काम इथं चालू आहे. ते तंबाखू आणि दारूसाठी आहे, कचऱ्यासाठी नाही. पण ग्रामसभेनं ठराव घेऊन ज्या गावात ठेल्यावरचा खर्रा बंद केला, तिथं त्या पन्नीचा प्रश्नही उरत नाही. हे काम खराट्यानं होत नाही, ठरावानं होतं. आणि ठराव करायला लोकांना एकत्र बसावं लागतं, त्यालाही मी स्वयंसेवाच म्हणतो. मेंढा (लेखा) गाव याच धानोरा तालुक्यातलं. तिथं लोकांनी वर्षानुवर्षं अभ्यासगटात बसून, सर्वांचं एकमत होईपर्यंत बोलून गावाचे निर्णय घेतले. दोन तास झाडण्यापेक्षा दोन तास बसणं अवघड असतं.

प्लास्टिकच्या पिशव्यांना 2018 पासून राज्यात बंदी आहे, पहिल्यांदा सापडला तर 5000 दंड. थर्माकोलच्या ताटांनाही तेव्हापासून बंदी. तरी गावजेवणात थर्माकोल दिसतं. पळसाच्या पानाची पत्रावळ लावणाऱ्या म्हाताऱ्या अजून आहेत, त्यांना गिऱ्हाईक नाही.

बचतगटवाली (आर्वी)

यात मात्र मी तुमच्या बाजूनं. आमच्या गटानं स्टीलची ताटं आणि पेले घेऊन ठेवले आहेत, लग्नाला, तेरवीला, महाप्रसादाला भाड्यानं देतो. धुवायची मजुरी भाड्यातच धरतो. गटाला पैसे मिळतात आणि दुसऱ्या दिवशी गावात उष्ट्या ताटांचा ढीग दिसत नाही. याचा कुणी फोटो काढत नाही, पण काम होतं.

फवारणी (घाटंजी)

एक गोष्ट अजून कुणीच काढली नाही आणि ती सर्वांत महत्त्वाची आहे. शाळेची मुलं नाल्याकाठी, पांदणीवर कचरा उचलतात, तिथं कीटकनाशकाच्या रिकाम्या बाटल्या असतात. शेतकरी नाल्यावर पंप भरतो आणि बाटली तिथंच टाकतो. पोरं ती उघड्या हातानं उचलून पोत्यात घालतात. 2017 च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले, हे आपल्या जिल्ह्यात घडलेलं आहे. तरीही त्या बाटल्या मुलांच्या हाती देतो?

मास्तर, विनंती आहे. शेताच्या बाजूला आणि नाल्याकाठी मुलांना नेऊच नका. ते काम मोठ्यांनी, हातमोजे घालून करावं. बाटली भंगारात देऊ नये, कारण कुणीतरी धुऊन तेल किंवा पाणी भरतं. फवारणीच्या वेळीच बाटली तीनदा विसळून ते पाणी पंपात ओतायचं आणि बाटलीला भोक पाडायचं, म्हणजे पुन्हा कुणी वापरणार नाही. आणि कृषी केंद्रवाल्यांनी रिकाम्या बाटल्या परत घेतल्या पाहिजेत, हा आग्रह शेतकऱ्यांनी धरावा. विकताना घरपोच देतात ना?

झेडपीचा मास्तर (वरूड)

मुलांबद्दल तुमचं शंभर टक्के बरोबर. आमची मुलं गावठाणाच्या बाहेर जात नाहीत, पण हा नियम लेखी करून घेतो.

भंगार दुकान (दारव्हा)

घाटंजीवाले भाऊ बरोबर बोलले. औषधाची बाटली मी घेत नाही. पण घेणारे हायेत, ते लपवत नाही.

वरोऱ्याचा (चंद्रपूर)

पांदण भाऊंना विरोध नोंदवतो. व्यवस्था ठरेपर्यंत सफाईच नको, असं म्हणणं म्हणजे नाल्यातली पन्नी गाईच्या पोटात जाऊ देणं. काल आमच्याकडं एक गाय फुगून मेली, तिचा मालक ग्रामसभेची वाट पाहू शकत नव्हता. व्यवस्था नसली तरी पन्नी नाल्यातून काढून कोरड्या खोलीत ठेवता येते, वरूडच्या मास्तरांनी ठेवलीच ना. जाळायची नाही एवढं पथ्य पाळलं तरी अर्धं काम झालं.

ओल्या कचऱ्याचा प्रश्न तर आपण सोडवलेला आहे. नाडेपची पद्धत पुसदच्या नारायण देवराव पांढरीपांडे यांची, नाडेपकाका म्हणून देशभर ओळखले गेले. विटांचं जाळीदार टाकं, त्यात काडीकचरा, शेण आणि मातीचे थर, तीन-चार महिन्यांत खत. रोजगार हमीतून ही टाकी बांधता येतात. पन्नी त्यात जाऊ दिली नाही म्हणजे झालं. आणि भंगारवाले भाऊ जे घेत नाहीत, ते थरांचं प्लास्टिक सिमेंटच्या भट्टीत इंधन म्हणून जाळता येतं. आमच्या जिल्ह्यात गडचांदूर, आवारपूरकडं भट्ट्या आहेत. गावोगावचा माल तालुक्याला एकत्र करून तिथं पाठवणं हे जिल्हा परिषदेचं काम, एका गावाला ते झेपणार नाही.

पांदणरस्ता

वरोऱ्याच्या भाऊंचं गाईचं म्हणणं खोडून काढता येत नाही. नाल्यातून काढणं थांबवा असं मी म्हणत नाही. गावाला बोलावून, बॅनर लावून, गोळा करून जाळणं थांबवा म्हणतो. खोली असेल तर बोलवा. खोली नसेल तर आधी खोली.

1 मेची ग्रामसभा येते आहे. सोयाबीन नाही, वेचणी संपली, पाऊस यायचा आहे. वर्षातली हीच वेळ या कामाला योग्य आहे. आमच्या गावात मी तीन गोष्टी मांडणार : जुन्या समाजमंदिराची एक खोली कोरड्या प्लास्टिकसाठी, महिन्याचा एक दिवस भंगारवाल्यासाठी, आणि जाळणाऱ्यावर दंड, मग तो ग्रामपंचायतीचा ट्रॅक्टर का असेना. दारव्ह्याचे भाऊ, कळंबपर्यंत गाडी येईल का?

भंगार दुकान (दारव्हा)

एका गावासाठी नाही परवडत. रस्त्यावरचे चार-पाच गावं मिळून एक दिवस धरा, मंग येतो.

बचतगटवाली (आर्वी)

ती खोली रोज उघडणार कोण, माल वेगळा करणार कोण, ते तुमच्या तीन गोष्टींत नाही, भाऊ. ठरावात त्या बाईच्या मजुरीचा आकडा लिहा.